न भरलेल्या जागेचें भाडें



लग्नाच्या वऱ्हाडासाठीं एस्. टी.ची सबंध गाडी ठरवावी आणि ऐन दिवशीं निम्मींच माणसें निघावीं, असा प्रसंग आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. गाडीचे पैसे देतांना वरपिता कधीं असें म्हणत नाहीं कीं, बसलेल्या माणसांपुरतेंच भाडें घ्या. आपण गाडी ठरवली होती, माणसें मोजून दिलीं नव्हतीं, हें त्याला ठाऊक असतें. हाच न्याय समुद्रावर गेला म्हणजे त्याला एक विलक्षण नांव मिळतें. इंग्रजींत त्यास 'डेड फ्रेट', म्हणजे 'मृत भाडें', म्हणतात. जो माल जहाजावर चढलाच नाहीं आणि जो कोणत्याहि बंदरांत उतरणार नाहीं, त्या मालाचें हें भाडें. त्याविषयींच आज आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

विषय व्यापाऱ्यांचा आहे, आणि मी तर जन्मभर मुलांना अंकगणित शिकवलेला मास्तर. परंतु माझे कांहीं जुने विद्यार्थी निर्यातीच्या धंद्यांत आहेत. त्यांच्यापैकीं एकानें मला असें एक बिल दाखवलें आणि संतापून विचारलें, "गुरुजी, माल गेलाच नाहीं, मग पैसे कशाचे?" हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं. त्यांत हिशेबाइतकाच न्यायाचाहि भाग आहे. हें भाडें द्यावें कां, आणि द्यावयाचें तर किती, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. पहिल्याचें उत्तर व्यापाऱ्याला आवडणार नाहीं. दुसऱ्याचें उत्तर मात्र त्याला ठाऊक असणें त्याच्या फायद्याचें आहे.

जुन्या मराठींत जहाजाच्या भाड्याला 'नोर' असा शब्द होता; गुजरातींत त्याचेंच भावंड 'नूर' शोभतें. निरनिराळ्या दर्यावर्दी लोकांनीं न भरलेल्या जागेच्या नोराला दिलेलीं नांवें मोठीं बोलकीं आहेत. इंग्रज त्याला 'मृत' म्हणतो. फ्रेंच माणूस 'फो फ्रे', म्हणजे 'खोटें भाडें', म्हणतो. इटलीचा व्यापारी मात्र 'वुओतो पेर पिएनो' असें म्हणतो. त्याचा अर्थ 'भरल्याच्या ठायीं रिकामें'. मला हें शेवटचें नांव सर्वांत नेमकें वाटतें. बोली भरल्याची होती आणि पदरीं रिकामें पडलें, हा सारा तंटा त्यांत आला.

ही कल्पना आजकालच्या कंपन्यांनीं काढलेली नाहीं. फ्रान्समध्यें चौदाव्या लुईच्या कारकीर्दींत १६८१ सालीं सागरी व्यवहाराचा मोठा कायदा झाला. करारांत लिहिलेला सर्व माल ज्या व्यापाऱ्यानें चढवला नाहीं, त्यानें तो सर्व चढवला असें समजून भाडें द्यावें, आणि करारापेक्षां अधिक चढवला तर त्या अधिकाचेंहि भाडें द्यावें, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. पुढें १८०७ च्या फ्रेंच व्यापारी कायद्यानें तोच नियम ठेवला. शिवाय, कांहींच न चढवतां जहाज सुटण्यापूर्वीं जो करार मोडील त्यानें निम्मे भाडें भरून मोकळें व्हावें, अशी सोय केली.

आतां जहाजवाल्याच्या बाजूनें पाहूं. जहाजाच्या पोटांतील जागा हा नाशिवंत माल आहे. दुकानांतलें कापड आज खपलें नाहीं तर उद्यां खपेल. जहाज धक्क्यावरून सुटलें कीं त्या सफरीची रिकामी जागा पुन्हां कोणाला विकतां येत नाहीं. इंधन, खलाशांचे पगार, बंदराची पट्टी, विम्याचा हप्ता, हा बहुतेक खर्च जहाज पूर्ण भरलेलें असो कीं अपुरें असो, थोड्याफार फरकानें तितकाच येतो. शिडाच्या जहाजांच्या काळीं तर आणखी एक भुर्दंड पडे. माल फार कमी आला तर तोल राखण्यासाठीं वाळू, दगड असलें नीरम भरावें लागे. तें चढवण्याची मजुरी आणि उतरवण्याची मजुरी पदरची, आणि भाडें शून्य! आज त्या कामीं समुद्राचेंच पाणी टाक्यांत घेतात, एवढाच फरक. शिवाय तुमच्या शब्दावर विसंबून त्यानें दुसऱ्या चार व्यापाऱ्यांना नकार दिलेला असतो.

येथें वऱ्हाडाच्या गाडीचा दाखला थोडा अपुरा पडतो, तो पुरा करूं. सबंध जहाजाचें भाडें एकरकमी ठरलेलें असेल तर माल किती चढला हा प्रश्न उद्भवत नाहीं. परंतु पुष्कळ करारांत भाडें दर टनामागें ठरतें. एका सफरीसाठीं जहाज घेण्याच्या लेखी कराराला व्यवहारांत चार्टर पार्टी म्हणतात. त्यांत भाडें चढलेल्या मालावर मोजावयाचें असलें, तर थोडा माल चढवणाऱ्याला थोडेंच भाडें पडेल आणि जहाजवाला बुडेल. म्हणून व्यापाऱ्याकडून असें वचन घेतात कीं, तो जहाजाला 'पूर्ण आणि भरगच्च' माल पुरवील. हें वचन अपुरें राहिलें म्हणजे जी भरपाई द्यावी लागते तीच मृत भाडें होय.

पण 'पूर्ण' म्हणजे किती? हा प्रश्न सोपा वाटेल, पण तो तसा नाहीं. डोळ्यांना दिसणारी रिकामी जागा आणि कराराच्या दृष्टीची रिकामी जागा या दोन वस्तु वेगळ्या आहेत. लोहखनिज फार जड. एक टन खनिजाला अर्ध्या घनमीटराहूनहि कमी जागा पुरते. अशा मालाचें जहाज बंदर सोडतें तेव्हां त्याच्या पोटांत डोकावून पाहिलें तर अर्ध्याहून अधिक जागा मोकळी दिसते. तरीहि तें जहाज पूर्ण भरलेलें असतें, कारण त्याच्या बाजूवर आंखलेली भाररेषा पाण्याला टेकलेली असते. त्या रेषेखालीं जहाज बुडवणें हा गुन्हा आहे. खलाशांचे जीव वांचावेत म्हणून सॅम्युएल प्लिम्सॉल या गृहस्थानें ब्रिटिश पार्लमेंटांत अनेक वर्षें झगडून १८७६ च्या कायद्यानें ही खूण सक्तीची करवली. उलट कापसाच्या गांठी घ्या. त्या कितीहि दाबल्या तरी खनिजाच्या कितीतरी पट जागा खातात. कापसाचें जहाज आढ्यापर्यंत ठासलें तरी भाररेषा पाण्याच्या वर राहूं शकते. म्हणजे एक जहाज वजनानें भरतें, दुसरें आकारानें भरतें. मृत भाडें मागण्यापूर्वीं यांपैकीं कोणतें माप संपलें तें पाहावें लागतें.

यावर इंग्लंडच्या न्यायालयांत पुष्कळ काथ्याकूट झाला आहे. १८१९ सालच्या हंटर विरुद्ध फ्राय या खटल्यांत असें ठरलें कीं, करारांत जहाजाचें नोंदणीचें माप कांहींहि लिहिलेलें असो. व्यापाऱ्यानें 'पूर्ण' माल कबूल केला असेल तर जहाज प्रत्यक्षांत जितका सुरक्षितपणें नेऊं शकेल तितका त्यानें पुरवला पाहिजे. दुसरा खटला १८७६ चा, मॉरिस विरुद्ध लेव्हिसन. तो मास्तराच्या फळ्यावर मांडण्यासारखा आहे. करारांत लोहखनिजाचा पूर्ण माल, 'सुमारें ११०० टन', असे शब्द होते. जहाज १२१० टन नेऊं शकत होतें. व्यापाऱ्यानें १०८० टन चढवले. जहाजवाला म्हणाला, १३० टन कमी पडले. व्यापारी म्हणाला, 'सुमारें ११००' म्हणजे १०८० कां नव्हे? न्यायालयानें दोघांचेंहि ऐकलें नाहीं. पूर्ण माल देण्याचें वचन खरें, पण 'सुमारें' या शब्दानें त्याला मर्यादा पडते. तेव्हां ११०० वर शेंकडा ३ टन अधिक धरणें वाजवी, असें त्यानें ठरवलें. ११०० चे शेंकडा ३ म्हणजे ३३. एकूण ११३३. व्यापाऱ्यानें १०८० दिले होते, म्हणून तूट ५३ टनांची. 'सुमारें' हा एक शब्द नसता तर १३० टनांचें भाडें भरावें लागलें असतें. करारांतील एका शब्दाला काय मोल असतें, हें याहून चांगलें कोणीं शिकवावें?

आतां दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न: किती द्यावयाचें? पुष्कळ व्यापारी मृत भाड्याला दंड समजतात, आणि कांहीं जहाजवाले तें दंडासारखेंच वसूल करूं पाहतात. दोघेंहि चुकतात. ही नुकसानीची भरपाई आहे, आणि भरपाई नुकसानीहून मोठी असूं शकत नाहीं. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याचें ७३ वें कलम हेंच सांगतें. ज्याचें नुकसान झालें त्याला तें टाळण्याचीं कोणतीं साधनें उपलब्ध होतीं, याचाहि विचार करावा, असें त्या कलमाच्या खुलाशांत म्हटलें आहे. गंमत अशी कीं, तेथें दिलेल्या उदाहरणांत एक मुंबईहून कलकत्त्यास जाणाऱ्या जहाजाचेंच आहे. तेथें शब्द मोडणारा जहाजवाला आहे. व्यापाऱ्याला तितक्याच चांगल्या अटींवर दुसरें जहाज मिळतें; म्हणून त्याला सबंध मालाची नुकसानी मिळत नाहीं, दुसरी सोय करण्यास पडलेला त्रास आणि खर्च यांचीच भरपाई मिळते. हीच तागडी उलट बाजूसहि लागू पडते. व्यापाऱ्यानें जागा भरली नाहीं तर ती दुसऱ्याच्या मालानें भरण्याचा वाजवी प्रयत्न जहाजवाल्यानें केला पाहिजे. इंग्लंडमध्येंहि १९२७ सालच्या एका निकालानें, अशा रीतीनें दुसरा माल घेऊन नुकसान कमी करण्याचा मार्ग मान्य केला आहे.

एक हिशेब करूं. आंकडे माझ्या मनचे आहेत. व्यापाऱ्यानें १०,००० टन कबूल केले, दर टनी १,००० रुपये, आणि मालाची चढउतार जहाजवाल्याच्या खर्चानें. त्यानें ९,२०० टनच आणले. तूट ८०० टन, म्हणजे भाडें ८,००,००० रुपये. येथवर कोणीहि सांगेल. परंतु त्या जागेपैकीं ३०० टनांची जागा कप्तानानें दुसऱ्या व्यापाऱ्याला टनी ६०० रुपयांनीं दिली. १,८०,००० रुपये आले. उरलेल्या ५०० टनांची चढउतार करावी लागली नाहीं. तिचा खर्च टनी ६० धरला तर ३०,००० रुपये वांचले. आठ लाखांतून हे दोन लाख दहा हजार वजा करा. खरें मृत भाडें ५,९०,००० रुपये. जो जहाजवाला दुसऱ्याकडूनहि भाडें घेतो आणि पहिल्याकडूनहि सबंध आठ लाख मागतो, तो एकच जागा दोनदां विकतो. व्यापाऱ्यानें पैसे देण्यास कुरकुर करूं नये. पण वजाबाकी मागण्यास संकोचहि करूं नये.

मृत भाड्याचें एक जुळें भावंड आहे, डेमरेज. रेल्वेच्या मालधक्क्यामुळें हा शब्द आपल्या कानांवरचा आहे. ठरल्या मुदतींत माल चढवून झाला नाहीं आणि जहाज खोळंबलें, तर त्या खोळंब्याचे पैसे म्हणजे डेमरेज. या दोहोंची कैची कशी असते, हें गोव्याकडील खनिजाच्या व्यापारावरून चांगलें कळतें. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्जी खनिज घेऊन खालीं येत आणि मुरगांवास मोठीं जहाजें भरत. पावसाळ्यांत आग्वादच्या बाजूनें मांडवीचें मुख बार्जींना बंद होतें. मग कुंभारजुव्याच्या फांट्यानें जुवारींत उतरावें लागतें. असल्या व्यापारांत बार्जी वेळेवर पोंचल्या नाहींत कीं व्यापाऱ्यापुढें दोन वाटा उरतात. जहाज थांबवावें तर दररोज डेमरेज चढतें. जहाज अपुरें सोडावें तर मृत भाडें पडतें. शहाणा व्यापारी येथें रागावत नाहीं, कागद घेऊन बसतो. राहिलेला माल यावयास किती दिवस लागतील, त्यांचें डेमरेज किती, आणि आज सोडल्यास मृत भाडें किती, हें मांडून जें कमी तें तो पत्करतो.

या व्यवहारांत एक तिसरा मनुष्य असतो, आणि माझ्या मतें सर्वांत अधिक अन्याय व्हावयाची भीति त्यालाच असते. तो म्हणजे परक्या बंदरांत माल घेणारा. त्यानें मालाची किंमत दिलेली असते. जहाज येतें, आणि कप्तान म्हणतो, "तुम्हांला माल पाठवणाऱ्यानें जहाज पुरतें भरलें नाहीं, त्याचे पैसे मिळेपर्यंत तुमचा माल सोडीत नाहीं." केलें कोणीं आणि भोगावें कोणीं! इंग्लंडमध्यें १८१२ च्या एका निकालानें असें ठरलें होतें कीं, नेहमींच्या भाड्यासाठीं माल अडवतां येतो, पण मृत भाड्यासाठीं तसा आपोआप हक्क नाहीं. परंतु करारांतच तो हक्क लिहून घेतला असेल तर तो चालतो, हें १८७१ सालीं तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सनें मॅक्लीन विरुद्ध फ्लेमिंग या खटल्यांत मान्य केलें. त्यानंतर छापील करारांत हें कलम नित्याचें होऊन बसलें. 'जेनकॉन' या नांवाचा जो नमुना जगभर वापरतात, त्याच्या १९९४ च्या आवृत्तींत भाडें, मृत भाडें आणि डेमरेज हीं एकाच ओळीनें येतात. मालाच्या पावतीवर 'चार्टर पार्टीच्या सर्व अटी लागू' असें बारीक अक्षरांत असलें, म्हणजे ज्यानें तो करार कधीं पाहिलाहि नाहीं अशा मनुष्याच्या गळ्यांत हा फांस पडूं शकतो. म्हणून माल घेणारानें तो मूळ करार पाहण्यास मागितलाच पाहिजे.

आपल्यापैकीं कोणी म्हणतील, सबंध जहाज घेणारे लोक किती? हें खरें. परंतु आतां हा प्रश्न लहान व्यापाऱ्याच्या दारीं आला आहे. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें, आणि नाशिककडचा कांदा उत्पादकहि एकदोन कंटेनरांपुरता दर्यावर्दी बनला. जहाजावर कंटेनरची जागा नोंदवून ठेवावी आणि माल आणूं नये, तर कांहीं कंपन्या त्याबद्दल आकार लावतात. नांव कोणतेंहि द्या, वस्तु तीच. कंपन्यांची तक्रारहि खोटी नव्हे. एकाच मालासाठीं तीन जहाजांवर जागा अडवून शेवटीं एकच वापरणारे लोक असतात. मग कंपन्याहि जागेपेक्षां जास्त नोंदणी घेतात, आणि वचन पाळून धक्क्यावर आलेल्या माणसाचा कंटेनर मागें राहतो. येथें मला समतोल दिसत नाहीं. न भरलेल्या जागेचे पैसे व्यापाऱ्यानें द्यावे हा न्याय असेल, तर दिलेली जागा न मिळाल्याचे पैसे कंपनीनेंहि द्यावे, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे. पहिला अर्धा छापील असतो. दुसरा मागून घ्यावा लागतो, आणि लहान माणसाला तो सहसा मिळत नाहीं. चार शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन करार केला तर मागण्याला वजन येतें.

आणि व्यापाऱ्याचा कांहींच दोष नसतांना जागा रिकामी राहिली तर? कांद्याच्या निर्यातीवर १४ सप्टेंबर २०२० रोजीं बंदी आली, आणि पुन्हां ८ डिसेंबर २०२३ पासून आली. ही दुसरी बंदी मे २०२४ मध्यें उठली. अशा वेळीं माल तयार, जागा नोंदवलेली, आणि मध्यें सरकारी हुकूम! आपल्या करार कायद्याचें ५६ वें कलम म्हणतें कीं, करारानंतर जी गोष्ट बेकायदेशीर ठरते ती करण्याचा करार तेव्हांपासून निरर्थक होतो. परंतु करारांत 'कांदा किंवा दुसरा कोणताहि कायदेशीर माल' असे शब्द असतील तर कांद्यावरील बंदीची सबब पुरणार नाहीं. दुसरा माल आणणें तुमच्यावर येतें. ज्या शब्दांनीं व्यापाऱ्याला मोकळीक मिळाली असें वाटतें, तेच शब्द प्रसंगीं त्याला बांधतात.

तेव्हां सही करण्यापूर्वीं तीन ठिकाणीं बोट ठेवावें. मालाचा आंकडा कसा लिहिला आहे, नुसता 'पूर्ण' आहे कीं 'सुमारें' आहे, हें पहिलें. कमीअधिक करण्याची सवलत शेंकडा किती आणि ती जहाजवाल्याच्या मर्जीची कीं आपल्या मर्जीची, हें दुसरें. दहा टक्के जहाजवाल्याच्या मर्जीचे असले तर वरचे दहा टक्केहि आणावयाची तयारी ठेवली पाहिजे. आणि सरकारी बंदी, संप, पूर अशा प्रसंगीं काय होईल, हें तिसरें. यांतलें एकहि कळलें नाहीं तर विचारण्यांत कमीपणा नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याला मीं हेंच सांगितलें. बिल पाहून रागावूं नको. आधीं करार वाच, मग वजाबाकी माग, आणि उरेल तें बिनतक्रार दे. दिलेल्या शब्दाची किंमत असते म्हणूनच एका किनाऱ्यावरचा मनुष्य दुसऱ्या किनाऱ्यावरच्या अनोळखी मनुष्याशीं व्यापार करूं शकतो. ती किंमत बुडवणें वाईट. आणि शब्दाच्या नांवाखालीं नुकसानीपेक्षां अधिक उकळणें तितकेंच वाईट. दोन्ही पारडीं सारखीं धरणें हेंच हिशेबाचें काम आहे.